संघ बदलून येणाऱ्या खेळाडूची पारख: भाचीस पत्र

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रिक्रूटिंग (खेळाडू-भरती) विभागात तुला विद्यार्थी-सहायक म्हणून काम मिळाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीला नुसते रकाने भरायला न बसवता, दुसऱ्या विद्यापीठांतून येऊ पाहणाऱ्या खेळाडूंचे प्राथमिक अहवाल लिहायला सांगितले आहे, हा मोठा विश्वास आहे. तू विचारलेला प्रश्नही नेमका आहे: जो मुलगा आपला संघ सोडून निघाला आहे, तो आपल्याकडे चालेल की नाही हे ओळखायचे कसे? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये याच कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तू ज्या व्यवस्थेत शिरते आहेस ती फार जुनी नाही, आणि हे ठाऊक असले तर विभागातल्या ज्येष्ठ मंडळींची घालमेल तुला समजेल. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ सोडू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) नोंदवही, ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाली. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायचे तर खेळाडूला स्वतःच्या विद्यापीठाची परवानगी लागे, आणि गेल्यावर बहुधा एक अख्खा हंगाम बाहेर बसून काढावा लागे. एप्रिल 2021 मध्ये एकदा बदली करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याचा मार्ग खेळाडूंना मोकळा झाला, आणि न्यायालयात हार पत्करल्यावर एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येईल असे ठरवले. सहा वर्षांत सगळा खेळच फिरला. पूर्वी संघ शाळांमधून घडत असे आणि बदलून येणारा खेळाडू अपवाद असे. आता कित्येक संघांत निम्मी पहिली फळी दुसरीकडून आलेली असते.

पोर्टलमध्ये नाव नोंदवण्याची मुदतही सतत आखडत गेली. 2022 मध्ये हिवाळ्यातली मुदत 45 दिवसांची होती; 2026 मध्ये वसंतातली मुदत पूर्ण रद्द होऊन फक्त 2 ते 16 जानेवारी एवढीच उरली. हे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा तुझ्या हंगामाच्या तारखा कम्प्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे नियम पाळले जातात ना हे पाहणाऱ्या कार्यालयाकडून, लेखी घे. मुदत नाव नोंदवण्याची असते. नोंद झाल्यावर मुलाने कुठे जायचे ते नंतरही ठरवता येते. पण प्रत्यक्षात चांगल्या मुलांचे निर्णय चार-पाच दिवसांत होतात, आणि म्हणूनच तुझे खरे काम जानेवारीत नसून सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत आहे. ज्या संघांचे कोच बदलण्याची शक्यता दिसते, ज्या संघांत एकाच जागेवर दोन तयार मुले अडकली आहेत, ज्या छोट्या विद्यापीठांत कोणी आपल्या पातळीपेक्षा फार वरचा खेळ करतो आहे, त्यांची फिल्म तू आधीच पाहून ठेवलेली असली पाहिजे. फिल्म पाहायला कोणाची मनाई नाही. मात्र पोर्टलमध्ये नाव येण्याआधी त्या मुलाशी, त्याच्या घरच्यांशी किंवा कोणा मध्यस्थामार्फत बोलणे नियमाविरुद्ध आहे, आणि इतर सगळे करतात असे कोणी तुझ्या कानात सांगितले तरी तू त्या भानगडीत पडू नकोस. तू विद्यार्थी-व्हिसावर आहेस. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा तुला पाळायची आहे, हेही विभागप्रमुखांना आधीच सांगून ठेव. काम इतके ओढून नेते की लोक तास विसरतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाळेतल्या मुलाची पारख करताना आपण अंदाज बांधतो. सतरा वर्षांच्या मुलाचे शरीर पुढे कसे भरेल, तो घर सोडून कसा राहील, त्याच्याहून कितीतरी कमकुवत मुलांविरुद्ध केलेल्या खेळाचा अर्थ काय लावायचा, हे सगळे तर्कावर चालते. शाळेतल्या खेळाडूंना पाचपैकी तारे देणाऱ्या संस्था हाच तर्क मोठ्या प्रमाणावर करतात आणि एकूण गोळाबेरजेत तो बऱ्यापैकी खराही ठरतो. पण जो मुलगा दोन-तीन वर्षे कॉलेजात खेळून आला आहे, त्याच्याबाबत पुरावा उपलब्ध असतो. तरीही कितीतरी विभाग त्याचा अहवाल त्याच्या शाळेतल्या ताऱ्यांपासून सुरू करतात. शाळेत पाच तारे होते आणि आता तीन वर्षांत मोजकेच स्नॅप (चेंडू खेळात येण्याची प्रत्येक वेळ) खेळला आहे, अशा मुलाकडे ते पुन्हा पुन्हा वळतात, कारण जुन्या ताऱ्यांचे वलय डोळ्यांपुढून जात नाही. माझे तुला पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे हे, की बदलून येणाऱ्या खेळाडूच्या अहवालात शाळेतले तारांकन पहिल्या पानावर येऊच देऊ नकोस. त्याने कॉलेजात काय केले, कोणाविरुद्ध केले, कोणाच्या शेजारी उभे राहून केले आणि कोणत्या कोचच्या पद्धतीत केले, या चार गोष्टी आधी लिही.

कॅम वॉर्ड हे याचे चांगले उदाहरण आहे. टेक्सासमधल्या त्याच्या शाळेचा संघ जवळजवळ सगळा खेळ धावण्यावर खेळत असे, त्यामुळे क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, असूनही त्याला पास टाकायला फारसे मिळतच नव्हते आणि तारांकन देणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाने त्याला आपल्या शिबिरात पाहून घेतले; तिथून तो वॉशिंग्टन स्टेटला गेला, मग मायामीला, आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. शाळेची फिल्म पाहून कोणी त्याला ओळखले असते असे मला वाटत नाही, पण इन्कार्नेट वर्डच्या दुसऱ्या हंगामापर्यंत पुरावा सगळ्यांसमोर होता. वॉशिंग्टन स्टेटला जाताना त्याचे छोट्या विद्यापीठातले मुख्य कोच एरिक मॉरिस तिथे आक्रमणाचे समन्वयक म्हणून रुजू झाले होते, हेही विसरू नकोस. त्या मुलाची सर्वांत जास्त माहिती असलेला माणूसच त्याला घेऊन गेला.

इंडियानाची गोष्ट आता जो तो सांगतो, आणि बहुतेक वेळा अर्धीच सांगतो. 2023 मध्ये 3 विजय आणि 9 पराभव अशी अवस्था असलेल्या या संघाचे कोच म्हणून कर्ट सिग्नेटी आले; त्यांच्याबरोबर त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तेरा खेळाडू आले, आणि 2024 मध्ये संघाने 11 सामने जिंकले. सिग्नेटींचे सूत्र उघड आहे: पुढे काय होऊ शकेल यापेक्षा आजवर काय केले आहे ते पाहायचे. कॉर्नरबॅक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास अडवणारा, डी'अँजेलो पाँड्स जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा. उंचीच्या रकान्यावर काट मारणाऱ्या विभागाने त्याला पहिल्याच फेरीत वगळले असते. त्याच पाँड्सने 2025 च्या हंगामातल्या ओरेगॉनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिल्याच डावपेचावर प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडून, चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन थेट टचडाउन केला, आणि इंडियाना एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेता झाली. पण यावरून 'लहान विद्यापीठातली मुले आणा, जिंकाल' असा धडा घेणारे फसतात. ते तेरा जण सिग्नेटींना आतून-बाहेरून ठाऊक होते, त्यांची पद्धत त्या मुलांना पाठ होती, आणि नव्या ठिकाणी जुन्या सवयी रुजवायला तेच पुढे होते. क्वार्टरबॅक दिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेटहून व्हँडरबिल्टला आला तेव्हाही त्याचे आक्रमण-समन्वयक टिम बेक सोबतच आले होते, आणि 5 ऑक्टोबर 2024 रोजी व्हँडरबिल्टने बलाढ्य अलाबामाला 40–35 असे हरवले. म्हणून अहवालाच्या वरच्या बाजूला एक ओळ कायमची ठेव: 'आपल्यापैकी या मुलाला प्रत्यक्ष कोण ओळखतो?' उत्तर 'कोणी नाही' असेल तर ते लिहायला लाजू नकोस. त्यामुळे मुलगा वाईट ठरत नाही, फक्त तुला जास्त फिल्म पाहावी लागते.

फिल्म कशी पाहायची, हे आता लिहितो, कारण खरी पारख तिथेच होते. हायलाइटच्या चित्रफिती पाहण्यात वेळ घालवू नकोस; शितावरून भाताची परीक्षा तिथे करता येत नाही, कारण ते शीत त्या मुलाने स्वतः वेचून तुझ्यापुढे ठेवलेले असते. टेलिव्हिजनवरचे चित्रणही पुरत नाही, कारण तो कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि तुझा खेळाडू अर्धा वेळ चौकटीबाहेर असतो. बावीसही खेळाडू दिसतात अशी संपूर्ण मैदानाची फिल्म आणि गोलपोस्टच्या मागून घेतलेले चित्रण, ही दोन्ही माग. सबंध सामना पाहा, आणि सामना निवडताना त्याचा सर्वोत्तम दिवस निवडू नकोस. त्याच्या हंगामातला सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी कोण होता तो सामना आधी, मग संघ वाईट हरला तो, आणि मग हंगामाच्या शेवटचा, जेव्हा अंग दुखत असते आणि पुढे जाण्याची आशा बहुधा संपलेली असते.

समज, तुला लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीतला डाव्या टोकाचा खेळाडू, पाहायचा आहे. एक सामना फक्त त्याच्या पायांकडे बघ. स्नॅप झाल्यावर त्याचे पहिले पाऊल शेजारच्या गार्डच्या बरोबरीने उचलले जाते की क्षणभर मागे राहते. तिसऱ्या पावलानंतर कंबर वर येऊन तो उभा होतो का. क्वार्टरबॅकला पाडायला बाहेरून येणारा एज-रशर अचानक आत वळला, तर याचे वजन बाहेरच्या पायावर अडकते की तो आतला पाय रोवून त्याला अडवतो. मग तीच फिल्म हातांसाठी बघ: पंजे समोरच्याच्या छातीवर पडतात की खांद्याबाहेर, कारण बाहेर पडणारे हात आज सुटले तरी वरच्या पातळीवर होल्डिंगच्या (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याच्या) दंडात जातात. आणि मग, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, तो ज्या ज्या वेळी हरला त्याच्या पुढचा स्नॅप बघ. एकदा आमच्याकडे एका छोट्या विद्यापीठाच्या टॅकलची फिल्म आली होती. अशी विद्यापीठे वर्षातून एखादा सामना मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन खेळतात आणि त्याचे मानधन घेतात; त्यांच्या खेळाडूंची पातळी मोजायला आपल्याला मिळणारे ते एकमेव माप असते. त्या सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांत हा मुलगा बाहेरच्या बाजूने दोनदा सपशेल हरला आणि त्याचा क्वार्टरबॅक दोन्ही वेळा आडवा झाला. खोलीतल्या दोघांनी तिथेच कागद बाजूला ठेवले. पण दुसऱ्या क्वार्टरपासून त्या मुलाने उभे राहण्याची जागा बदलली होती. पहिले पाऊल अर्धा हात जास्त मागे टाकत होता, आणि तो एज-रशर पुढे दिवसभर त्याच्यावरून गेला नाही. कोचने मध्यंतरात सांगितले असते तर बदल तिसऱ्या क्वार्टरमध्ये दिसला असता. हा बदल त्याने मैदानावरच, स्वतःच्या डोक्याने किंवा बाजूरेषेवरच्या एखाद्या शब्दावरून केला होता. असा मुलगा शिकवता येतो. आम्ही त्याला घेतले, आणि तो दोन हंगाम आमच्या क्वार्टरबॅकच्या डोळ्यांआडची बाजू राखून उभा राहिला.

आकड्यांबद्दल तुला मी काय सांगावे, पण या खेळातल्या आकड्यांची एक खोड सांगून ठेवतो. इथे कोणताही आकडा एकट्या माणसाचा नसतो. क्वार्टरबॅकने किती सॅक खाल्ले, म्हणजे पास टाकण्याआधीच तो किती वेळा आडवा पाडला गेला, यात त्याला राखणारी पुढची फळी, पास झेलणाऱ्यांचे मार्ग आणि डावपेच सांगणारा कोच सगळे मिसळलेले असतात. फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्याच्यापुढची फळी कच्ची होती आणि तो सारखा आडवा होत असे. तो इंडियानाला गेला आणि त्याच वर्षी, 2025 मध्ये, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइजमन करंडक घेऊन गेला. ज्यांनी त्याच्या सॅकच्या संख्येवरून मत बनवले होते त्यांनी फिल्म पाहिली नव्हती. दबाव अंगावर येत असताना तो चेंडू कुठे टाकत होता, हे बघणाऱ्याला तो मुलगा आधीच दिसत होता. बचावातल्या खेळाडूचे सॅक मोजण्यापेक्षा त्याने क्वार्टरबॅकवर दबाव किती वेळा आणला, आणि तो किती पास-स्नॅपमधून आणला, हे बघ. सॅक थोडे असतात आणि नशिबाने वरखाली होतात. खाजगी संस्थांनी दिलेले गुण वापर, मात्र ते गुणही कोणीतरी फिल्म पाहूनच दिलेले असतात आणि त्या माणसाला मैदानावरचा मूळ डावपेच ठाऊक नसतो, हे ध्यानात ठेव. आणि प्रत्येक टक्केवारीशेजारी ती कितीपैकी आहे हे लिही. तुझ्या विषयात हे बाळबोध आहे, पण विभागाच्या बैठकीत कोणी ते लिहीत नाही.

बाकावर बसून राहिलेल्या मुलांचे काय, हा पुढचा प्रश्न येतोच. क्वार्टरबॅक जो बरो हा ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे होता आणि तिथे त्याने एकूण 39 पास टाकले. तो 2018 मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेला, आणि 2019 मध्ये 60 टचडाउन पास, 15 पैकी 15 सामने आणि हाइजमन. 39 पासमध्ये पुरावा फार थोडा असतो, हे मान्य. पण बरो कमी पडला म्हणून बसला नव्हता; ओहायो स्टेटमध्ये त्याच्या जागेवर ड्वेन हॅस्किन्स होता, जो पुढे एनएफएलमध्ये पहिल्या फेरीत गेला. म्हणून बाकावरच्या मुलाच्या अहवालात तो कोणाच्या मागे बसला आहे हे नाव आणि त्या नावाचा दर्जा लिही. चांगल्याच्या मागे बसलेला आणि सामान्याच्या मागे बसलेला, यांत फरक आहे. त्याच वेळी हेही खरे, की बरोसारख्या एकाच्या मागे, 'संधीच मिळाली नाही' असे सांगणारी कितीतरी मुले असतात ज्यांना सरावात रोज संधी होती आणि त्यांच्या कोचने ती पाहिलेली होती. इथे तुला पुरावा फिल्ममध्ये मिळणार नाही, माणसांकडे मिळेल.

त्यामुळे 'तो का निघाला आहे?' हा प्रश्न येतो. कोच गेला, जागा दुसऱ्याला मिळाली, पैसा जास्त मिळतो आहे, आई आजारी आहे म्हणून घराजवळ यायचे आहे, दुखापतीनंतर विश्वास उडाला, कोणाशी भांडण झाले: यांतले कोणतेही कारण मुळात वाईट नाही, आणि पैशासाठी निघालेल्या मुलाकडे नाक मुरडून पाहण्याची आपल्याकडच्या काही ज्येष्ठांची सवय मला मुळीच पटत नाही. कोच दुप्पट पगारासाठी हंगामाच्या मध्यावर बोलणी करतात. वीस वर्षांच्या मुलाची, ज्याच्या गुडघ्यावर त्याची सगळी मिळकत अवलंबून आहे, त्याची कसोटी वेगळी का असावी? मला खटकते ते कारणांचे न जुळणे. मुलगा एक सांगतो, घरचे दुसरे, जुना कोच तिसरे, तेव्हा थांबायचे आणि आणखी विचारायचे.

विचारायचे कोणाला, हेही शिकून घे. ज्या मुख्य कोचने मुलगा गमावला आहे त्याचे मत घ्यावे, पण त्याचा राग किंवा अति-प्रशंसा यांपैकी काहीतरी त्यात असणारच. शाळेतला जुना कोच, शारीरिक तयारी करून घेणारा प्रशिक्षक, अभ्यासाचा सल्लागार, साहित्य सांभाळणारे कर्मचारी, यांना त्या मुलाचा रोजचा चेहरा ठाऊक असतो. फोन कोणी करायचे ते कम्प्लायन्स ऑफिस आणि तुझे वरिष्ठ ठरवतील. तू त्यांना प्रश्न लिहून दे. 'मुलगा चांगला आहे का?' असे विचारले तर कोणीही होच म्हणतो. 'त्याची जागा गेली त्याच्या पुढच्या सोमवारी तो सरावाला कधी आला आणि त्याने त्याच्या जागी आलेल्या मुलाशी काय केले?' असे विचारले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग आठवून सांगतो. ते आठवणे आपल्याला हवे असते. वैद्यकीय आणि शैक्षणिक कागद मात्र मुलाच्या लेखी संमतीनेच मागायचे, आणि कुजबुजीत ऐकलेली दुखापत किंवा घरची गोष्ट अहवालात मुळीच लिहायची नाही. अहवाल कुठवर जातात याचा नेम नसतो.

यानंतर आपल्या संघाकडे बघ, कारण मुलगा चांगला असणे आणि आपल्याला हवा असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. फ्लोरिडा स्टेटने 2023 मध्ये बदलून आलेल्या खेळाडूंच्या बळावर 13 सामने जिंकले. अल्बानीसारख्या छोट्या विद्यापीठातून हेरलेला जॅरेड व्हर्स त्यांतलाच, जो पुढे एनएफएलच्या पहिल्या फेरीत गेला. त्या हंगामानंतर दहा खेळाडू एकदम ड्राफ्टमध्ये गेले, त्यांच्या जागा पुन्हा पोर्टलमधून भरल्या, आणि 2024 मध्ये तोच संघ, तेच कोच, 2 विजय आणि 10 पराभव. या पडझडीचे एकच कारण सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट दिसत होती: कॉलेजात खेळण्याची पात्रता एकाच वर्षात संपणारी मुले फार झाली की खाली कोणी तयार होत नाही. म्हणून प्रत्येक अहवालात उरलेली वर्षे ठळक लिही, आणि त्याच जागेवर आपल्याकडे आधीच असलेल्या मुलांची नावे त्याखाली लिही. ज्याने दोन वर्षे मुकाट्याने मेहनत केली आहे आणि ज्याची पाळी या वर्षी येणार होती, अशा मुलाच्या डोक्यावर थोडासाच बरा माणूस आणून बसवला, तर आपण एक मिळवतो आणि बहुधा दोन गमावतो. मी तर म्हणेन, बाहेरचा मुलगा घरच्यापेक्षा स्पष्टपणे सरस नसेल तर नकोच.

पैशाचे गणित तुझ्या हातात नसेल, पण ते समजून असावे. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड जून 2025 मध्ये मंजूर झाली आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा होती, आणि फुटबॉलच्या रोस्टरला, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीला, 105 ची मर्यादा लागली. म्हणजे एका मुलाला दिलेला जास्तीचा डॉलर दुसऱ्या मुलाचा असतो, आणि 'घेऊन तर बघू' असे म्हणायची पूर्वीची सैल जागा आता उरलेली नाही. यात तोंडी शब्दाला थारा देऊ नये. सप्टेंबर 2024 मध्ये नेवाडा-लास व्हेगास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक तीनही सामने जिंकलेले असताना संघ सोडून गेला. आपल्याला दिलेले पैशाचे वचन पाळले गेले नाही असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते, आणि विद्यापीठाला ते मान्य नव्हते. खरे कोणाचे हे बाहेरच्याने ठरवू नये, पण असा वाद उभा राहतो तो बोलणे कागदावर नसल्यामुळेच. तुझ्यासमोर कोणी मुलाला काही कबूल केले तर ते बोलणे योग्य माणसापर्यंत त्याच दिवशी पोहोचव.

अहवालाच्या भाषेविषयी थोडेसे. 'झुंजार आहे', 'इंजिन थांबत नाही', 'जन्मजात नेता' असले शब्द लिहू नकोस; ते वाचणाऱ्याच्या मनात त्याला हवे ते चित्र उभे करतात आणि तुझे पाहणे त्याच्यापर्यंत जात नाही. तू पाहिलेला सामना, क्वार्टर, डावपेच आणि त्यात त्याने केलेली हालचाल लिही. मत शेवटी एका वाक्यात दे, आणि त्याखाली 'काय दिसल्यास माझे मत बदलेल' हे लिही. तारीख टाक. वर्षभराने स्वतःचे सगळे अहवाल काढून, ज्यांना घेतले त्यांच्याबरोबर ज्यांना नाकारले आणि जे दुसरीकडे गेले त्यांचेही काय झाले, ते तपास. नाकारलेल्यांचा हिशेब बहुतेक विभाग ठेवतच नाहीत, आणि तुझे संख्याशास्त्र विभागाच्या सर्वांत उपयोगी पडेल ते इथेच.

शेवटी त्या मुलांविषयी. पोर्टलमध्ये नाव टाकणाऱ्या पुष्कळ मुलांना बरोबरीची जागा मिळत नाही, काहींना कोणतीच मिळत नाही, आणि जुन्या विद्यापीठाला त्यांची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याचे बंधन नसते. त्या पंधरा दिवसांत अशा मुलाचा फोन रात्री दोनला वाजला तरी तो उचलतो. तेव्हा 'बघतो, कळवतो' म्हणून त्याला लटकत ठेवणे हे मला या धंद्यातले सर्वांत वाईट वागणे वाटते. आपल्याला नको असेल तर त्याच दिवशी तसे सांगावे, म्हणजे तो दुसरा दरवाजा वाजवील. हवा असेल तर त्याचे किती क्रेडिट आपल्याकडे धरले जातील आणि पदवीला किती सत्रे लागतील, हे विद्यापीठाच्या निबंधकांकडून लेखी आणून त्याच्या हातात द्यावे. दोन-तीन विद्यापीठे बदललेल्या मुलाची निम्मी क्रेडिट वाटेत गळून गेलेली मी पाहिली आहेत, आणि खेळ संपल्यावर त्याची भरपाई कोणी करत नाही. भेटीला आलेल्या मुलाला रात्रीतून सही करायला लावू नये. त्याच्या आईने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कोचने टाळली, तर ती तू माहिती काढून दे; तुझ्या वयाच्या, परक्या देशातून शिकायला आलेल्या मुलीला ते प्रश्न कोणते असतात हे त्या खोलीतल्या इतरांपेक्षा जास्त ठाऊक असेल.

तुझे अहवाल मला पाठवू नकोस. ते तुझ्या संघाचे आहेत. पण फिल्म पाहताना अडलीस तर नावे न घेता खुशाल विचार. या आठवड्यात एका टॅकलचे आणि एका कॉर्नरबॅकचे प्रत्येकी तीन सामने, मी सांगितले त्या क्रमाने, पाहून घे, आणि कॉर्नरबॅक बघताना चेंडू त्याच्याकडे न टाकलेले डावपेच वगळू नकोस. चांगल्या कॉर्नरबॅककडे चेंडू टाकायला क्वार्टरबॅक कचरतात, आणि ते नेहमीच्या आकडेवारीत दिसत नाही.

तुझा,
मामा